दिवाडीची गोदी : अ‍ॅक्वेरियस नौकाबांधणी कारखान्याचा इतिहास

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात वसलेल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा अ‍ॅक्वेरियस हा नौकाबांधणीचा कारखाना आहे. आकाराने लहान असलेल्या या कारखान्याने 2007 ते 2017 या काळात ज्या तीन शिडाच्या नौका बांधल्या, त्यांनी भारताच्या सागरी इतिहासात जेवढी जागा मिळवली, तेवढी त्यांच्या शेकडो पट वजनाच्या अनेक जहाजांना मिळालेली नाही. ‘म्हादेई’, ‘तारिणी’ आणि ‘थुरिया’ या त्या तीन नौका होत. यांपैकी पहिल्या दोन भारतीय नौदलात दाखल झाल्या आणि त्यांनी मिळून चार वेळा, दोनदा एकट्या नाविकाला आणि दोनदा महिला अधिकाऱ्यांना घेऊन, पृथ्वीची प्रदक्षिणा पूर्ण केली. तिसरी नौका एका जगप्रसिद्ध शर्यतीत उतरली आणि दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. संस्थेचा इतिहास लिहिताना सहसा स्थापना, विस्तार, पदाधिकारी आणि उलाढाल असा क्रम धरला जातो. परंतु नौका बांधणाऱ्या संस्थेचा खरा इतिहास तिने बांधलेल्या नौकांच्या प्रवासात असतो, आणि म्हणून येथेही नौकांच्याच क्रमाने पुढे जाणे योग्य ठरेल.

असा लेख अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील वाचकांपुढे ठेवताना एका शंकेचे निरसन आधी करायला हवे. सावेडीपासून अरबी समुद्राचा किनारा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, मध्ये सह्याद्रीची भिंत आहे, आणि पर्जन्यछायेतील या मुलखात पाण्याचा विषय निघाला की मुळा धरणाचे आवर्तन आणि सीना नदीचे पावसाळ्यापुरते वाहणारे पात्र यांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. पठारावरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय, हा प्रश्न त्यामुळे साहजिक वाटतो. पण नगरच्याच इतिहासात त्याचे उत्तर आहे. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवले, तेव्हा त्याच्या राज्याचे समुद्राकडचे दार रायगड जिल्ह्यातील चौल हे होते. अरबस्तानातून येणारे घोडे, जे दख्खनच्या सैन्यांचा प्राण होते, याच बंदरात उतरत, आणि 1508 मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराचा जो पराभव झाला तो निजामशाहीच्या हद्दीतील पाण्यात झाला. पुढे 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगिजांच्या ताब्यातील चौलला मोठ्या सैन्यानिशी वेढा घातला, पण शत्रूला समुद्रमार्गे मिळणारी रसद तोडता न आल्याने तो फसला. समुद्रावर स्वतःची नौका नसेल तर किनाऱ्यावरचे सैन्य कितीही मोठे असले तरी अपुरे पडते, हे नगरच्या दरबाराला त्या वेढ्याने दाखवून दिले होते.

दिवाडीच्या कारखान्याची कथाही अशाच कोरडवाहू मुलखातून सुरू होते. भारतीय नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून 1983 मध्ये निवृत्त झालेले आणि 1971 च्या युद्धातील कामगिरीबद्दल वीरचक्राने गौरवले गेलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद अवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहिले. एखाद्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि ती नौका भारतात बांधलेली असावी, ही कल्पना त्यांची होती. तिच्यातील दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची होती, आणि या लेखाच्या दृष्टीने तर ती पहिलीहून महत्त्वाची आहे. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी 1985 ते 1987 या काळात ‘तृष्णा’ या 37 फुटी नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती आणि तो भारताचा या क्षेत्रातील पहिला मोठा पराक्रम होता. परंतु ती नौका परदेशातून विकत आणलेली होती. धाडस आपले आणि नाव दुसऱ्याची, ही स्थिती अवटींना बदलायची होती. नौदलाने 2006 मध्ये ही योजना स्वीकारली आणि ‘सागर परिक्रमा’ या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. तिच्यासाठी स्वतःहून पुढे आलेले अधिकारी होते कमांडर दिलीप दोंदे.

अवटींना हवी होती ती नौका म्हणजे शिडाची यॉट, म्हणून येथे ‘यॉट’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दासोबत श्रीमंतांची चैन आणि पांढऱ्याशुभ्र नौकेवरच्या मेजवान्या एवढेच चित्र उभे राहते. यॉट म्हणजे मालवाहतूक किंवा मासेमारी यांसाठी न बांधता जलविहार, शर्यत किंवा लांबचा सागरप्रवास यांसाठी बांधलेली नौका. तिचे दोन मोठे वर्ग आहेत. एक इंजिनावर चालणारा, ज्यात वेग आणि आराम यांना महत्त्व असते. आणि दुसरा शिडावर चालणारा, ज्यात नौकेचा समतोल, मजबुती आणि कमी माणसांत ती हाताळण्याची सोय हे सर्वांत आधी पाहिले जाते. युरोपात आणि अमेरिकेत शिडाच्या आलिशान यॉट बांधणारे नामांकित कारखाने आहेत आणि त्यांची घडण पाहिली तर एक गोष्ट वारंवार दिसते. फिनलंडमधील नॉटोर हा कारखाना 1966 मध्ये पिएतारसारी या किनारी गावात पेक्का कोस्केन्क्युला या कागद विकणाऱ्या व्यावसायिकाने काढला. त्या भागात लाकडी जहाजे बांधणाऱ्या सुतारांची परंपरा होती, अमेरिकेतील स्पार्कमन अँड स्टीफन्स या प्रतिष्ठित संस्थेने आराखडा दिला, आणि जुन्या सुतारांच्या हातांनी काचतंतूंच्या नव्या साहित्यात ‘स्वान’ या नावाच्या नौका घडवल्या. आठ वर्षांच्या आत त्यांतील एकीने जगप्रदक्षिणेची व्हिटब्रेड शर्यत जिंकली. कारागीर, आराखडा आणि अवघड काम सोपवणारे गिऱ्हाईक हे तिन्ही एकत्र आल्याखेरीज असा कारखाना उभा राहत नाही, आणि यांपैकी कारागीर तर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कधीच कमी नव्हते.

दिवाडी बेटाचे स्थान या संदर्भात फार बोलके आहे. बेटाच्या दक्षिणेला, मांडवीच्या पलीकडच्या काठावर, जुने गोवे आहे, आणि तेथे पोर्तुगीज राजवटीची ‘रिबेरा’ नावाने ओळखली जाणारी शाही गोदी होती, जिथे सोळाव्या आणि सतराव्या शतकांत सागवानी जहाजे बांधली आणि दुरुस्त केली जात. सागाचे लाकूड खाऱ्या पाण्यात ओकपेक्षा अधिक टिकते, हे पोर्तुगिजांनी फार लवकर ओळखले होते. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात आरमार उभारायला घेतले तेव्हा आरंभी पोर्तुगीज कारागिरांची मदत घेतली होती, आणि पुढे विजयदुर्गाजवळच्या वाघोटन खाडीत मराठ्यांची स्वतःची गोदी झाली. मुंबईत 1736 मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने इंग्रजांसाठी जी युद्धजहाजे बांधली, त्यांतील 1817 चे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. दमणमध्ये बांधलेले आणि 1843 मध्ये पाण्यात उतरलेले पोर्तुगीज युद्धजहाज ‘डोम फर्नांडो दुसरा आणि ग्लोरिया’ लिस्बनजवळ संग्रहालय म्हणून जपलेले आहे. वाफेची आणि पोलादाची जहाजे आल्यावर या गोद्यांना मोठी कामे मिळणे थांबले. कारागीर मात्र राहिले. ते मच्छीमारांचे पडाव, मचवे आणि होड्या बांधत राहिले.

या कारागिरांची योग्यता किती होती, याचा विसाव्या शतकातील सर्वांत ठळक पुरावा मुंबईतच घडला आणि तो मुंबईकरांनाही फारसा ठाऊक नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजावरचे तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कुलाबा भागात ‘सुहेली’ नावाची, 32 फुटांच्या आसपास लांबीची, दोन डोलकाठ्यांची नौका सागवानात बांधून घेतली. तिचे काम करणाऱ्या भारतीय सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशी पिढीजात हत्यारे वापरली. ती नौका इतकी जड आणि इतकी मजबूत होती की शर्यतीच्या दृष्टीने तिला कोणी गांभीर्याने घेतले नाही. परंतु 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून निघालेले नॉक्स-जॉन्स्टन 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, तिच्यातूनच परत आले आणि कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जगातील पहिले नाविक ठरले. म्हणजे ज्या पराक्रमाचे स्वप्न अवटी भारतीयांसाठी पाहत होते, तो जगात पहिल्यांदा ज्या नौकेने शक्य केला ती भारतीय सुतारांनीच बांधली होती. या घटनेची नोंद भारतातील शालेय पुस्तकांत असायला हवी होती. दोंदे यांनी 2006 मध्ये नौकेचे काम सुरू होण्यापूर्वी याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्यासोबत त्यांच्या शर्यतीच्या तयारीत काम केले आणि एकट्याच्या सागरप्रवासाची बारीकसारीक अंगे समजून घेतली.

नौकेचा आराखडा निवडला गेला तो नेदरलँड्समधील व्हॅन दे स्टॅट या संस्थेचा. ‘टोंगा 56’ असे नाव असलेला हा 56 फुटांच्या, म्हणजे सुमारे 17 मीटर लांबीच्या, एका डोलकाठीच्या नौकेचा आराखडा मुळात खासगी मालकांच्या लांबच्या सागरप्रवासासाठी होता. युरोपात अशी नौका एखाद्या सधन कुटुंबाची जगभर फिरण्याची हौस भागवते. नौदलाला तिच्याकडून वेगळेच काम हवे होते. एकट्या माणसाने पृथ्वीप्रदक्षिणा केली असे मानले जाण्यासाठी जे निकष पाळावे लागतात, त्यांनुसार प्रवास ज्या बंदरातून सुरू झाला तेथेच संपावा लागतो, सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त दोनदा पार करावे लागते, एकूण अंतर 21,600 सागरी मैलांपेक्षा कमी असून चालत नाही, आणि सुएझ किंवा पनामा यांसारख्या कालव्यांचा जवळचा मार्ग घेता येत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की ऑस्ट्रेलियाचे लीविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप ही तीन भूशिरे दक्षिणेकडून वळसा घालून पार करावी लागतात. त्या अक्षांशांवर पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती जवळपास अडथळ्याविना वाहतात आणि लाटांना वाढायला हजारो मैलांचे मोकळे पाणी मिळते. तेथे नौका आडवी होणे, प्रसंगी पूर्ण उलटी होणे, या शक्यता गृहीत धरूनच तिची बांधणी करावी लागते.

हे काम दिवाडीच्या कारखान्याकडे आले तेव्हा त्याचा अनुभव काचतंतूंच्या लहान नौका बांधण्याचा होता. महासागरात जाणारी शिडाची यॉट त्याने त्यापूर्वी बांधलेली नव्हती. तशी ती देशात इतर कोणीही सहज बांधू शकेल अशी स्थिती नव्हती. योहान व्हेल्स हे डच नौकाबांधणी तज्ज्ञ सल्लागार म्हणून लाभले, दोंदे स्वतः बांधणीच्या काळात नौकेच्या सहवासात राहिले, आणि 2007 च्या अखेरीस सुरू झालेले काम वर्षभराहून थोड्या अधिक अवधीत पूर्णत्वास गेले. जो माणूस नौकेतून एकटा हॉर्नला वळसा घालणार आहे, त्याने तिचा प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक दोर बसताना पाहणे ही एरवी दुर्मीळ गोष्ट आहे, कारण आलिशान यॉटचा मालक बहुधा तयार नौकेच्या किल्ल्या घ्यायला येतो. म्हादेईच्या बाबतीत वापरणारा आणि बांधणारा यांच्यातील हे अंतर नाहीसे झाले, आणि कारखान्याच्या जडणघडणीत या गोष्टीचा वाटा मोठा आहे असे मानायला हरकत नाही.

बांधणीची पद्धत थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात जुने सुतारकाम आणि नवे रसायनशास्त्र यांचा मिलाफ झालेला दिसतो. नौकेचा मुख्य भाग, म्हणजे जो पाण्यात बसतो आणि ज्याला कवच म्हणता येईल, तो लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूंचे आवरण अशा दुहेरी रचनेचा असतो. आधी आराखड्याप्रमाणे आडव्या फरम्यांची एक रांग उभी करतात. प्रत्येक फरमा म्हणजे नौकेचा त्या जागचा छेद होय. सांगाडा सहसा उलटा, तळ वर करून, मांडला जातो, म्हणजे कारागिरांना वरून काम करता येते. मग सीडारसारख्या हलक्या आणि सरळ रेषांच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एकीला एक जोडून बसवतात आणि त्यांच्या कडा इपॉक्सी या दोन घटकांच्या घट्ट राळेने चिकटवतात. येथे सुताराची नजर लागते. पट्टी कुठे वाकेल, कुठे पिळेल आणि कुठे तिला रंधा मारून निमुळती करावी लागेल, हे कागदावरचा आराखडा पूर्णपणे सांगत नाही. त्यानंतर आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड इपॉक्सीत भिजवून थरावर थर चढवतात. थरांमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे तेथेच पाणी शिरते, म्हणून रबरी पात्याने प्रत्येक थर दाबून काढावा लागतो. गोव्यासारख्या दमट हवेत लाकडातील ओलावा आणि राळ घट्ट होण्याचा वेळ या दोन्हींवर सतत लक्ष ठेवावे लागते. कवच तयार झाल्यावर ते उलथून सरळ केले जाते, आणि मग आतील भिंती, मचाण, इंजिन, टाक्या, विद्युतजोडण्या हे काम सुरू होते.

शिडाच्या नौकेचे दुसरे मर्मस्थान तिच्या तळाशी असते. कोकणातील जहाजबांधणीत पठाण म्हणतात तो तळाचा कणा या प्रकारच्या नौकेत खोल पात्याच्या आकाराचा असतो आणि त्याच्या खालच्या भागात शिशाचे वजन असते. पारंपरिक गलबतांत तळाशी दगड किंवा वाळू भरून जे नीरम केले जाई, त्याचेच काम हे वजन करते. फरक एवढाच की ते नौकेच्या पोटात न राहता तिच्या खाली लटकते, आणि त्यामुळे नौका आडवी झाली तरी ते तिला पुन्हा उभे करते. एकट्या नाविकासाठी आणखी काही सोयी लागतात. शिडांचे दोर शक्यतो मागच्या बैठकीपर्यंत आणलेले असतात, म्हणजे वादळात डोलकाठीपाशी जाण्याची वेळ कमी येते. पुढचे शीड गुंडाळून लहानमोठे करता येते. आणि मागच्या टोकाला वाऱ्याच्या दिशेवर चालणारे, विजेची गरज नसलेले स्वयंचलित सुकाणू बसवलेले असते, जे नाविक झोपला असतानाही वाऱ्याशी ठरावीक कोन राखून नौका नेत राहते. हे सगळे जमवणे म्हणजे नौका बांधणे; केवळ कवच उभे करणे हा त्यातला एक टप्पा आहे.

म्हादेई 12 फेब्रुवारी 2009 रोजी नौदलात दाखल झाली. मांडवी नदी उगमाकडे ज्या नावाने ओळखली जाते, आणि जे नाव गोव्यात नौकेवर आरूढ झालेल्या देवीशीही जोडलेले आहे, तेच तिला मिळाले. त्याच वर्षी 19 ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन असे चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून साहाय्य करणारे लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबई सोडली आणि कोठेही न थांबता 31 मार्च 2013 रोजी ते परत आले. एकाच नौकेने दोन एकट्या नाविकांना दक्षिणेकडच्या महासागरातून सुखरूप फिरवून आणणे ही बांधणाऱ्यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठी गोष्ट होती. या दोन मोहिमांशिवाय म्हादेई 2011 आणि 2014 मध्ये केप टाऊन ते रिओ दि जानेरो या अटलांटिक पार करणाऱ्या शर्यतीतही उतरली, आणि तिचा एकूण प्रवास एक लाख सागरी मैलांपलीकडे गेला.

कारखान्याला दुसरे काम मिळाले ते या विश्वासातूनच. त्याच आराखड्यावरच्या दुसऱ्या नौकेचा पठाण 27 मार्च 2016 रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत बसवण्यात आला, आणि 18 फेब्रुवारी 2017 रोजी ‘तारिणी’ नौदलात आली. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील तारा-तारिणी या नाविकांच्या देवीवरून हे नाव ठेवले गेले. पहिल्या नौकेपेक्षा ती बरीच कमी वेळात तयार झाली यात नवल नाही. फरमे कसे मांडावे येथपासून शीड कोठून मागवावे येथपर्यंतचे धडे एकदा गिरवून झाले होते. तिची डोलकाठी सुमारे 25 मीटर उंच आहे आणि ती केप टाऊनच्या एका विशेषज्ञ कारखान्यातून बनवून आणली होती. भारतात कवच, सुतारकाम, जोडणी हे सर्व होऊ लागले असले, तरी महासागरी यॉटच्या डोलकाठ्या, शिडे, कप्प्या आणि वळणयंत्रे यांसाठी परदेशाकडे पाहावे लागते, आणि या व्यवसायातील खरी अपूर्णता येथे आहे. एखादा पूरक उद्योग उभा राहायला वर्षाला निदान काही नौकांची मागणी लागते. एक नौका झाल्यावर दुसरीसाठी सात वर्षे थांबावे लागत असेल, तर डोलकाठ्या बनवणारा कोणी गोव्यात दुकान थाटणार नाही.

तारिणीने मात्र आपले काम चोख केले. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता, अशा एकूण सहा महिला अधिकाऱ्यांनी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोवा सोडला, 21,600 सागरी मैलांहून अधिक अंतर कापले, आणि 21 मे 2018 रोजी त्या गोव्यातच परत आल्या. प्रशांत महासागरात आणि हॉर्न भूशिराच्या वाटेवर त्यांना प्रचंड वादळांना तोंड द्यावे लागले, तर परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने मॉरिशसमध्ये न ठरलेला थांबा घ्यावा लागला. मे 2018 मधील त्या पुनरागमनानंतर सहाच महिन्यांनी, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, अवटींचे निधन झाले. सागर परिक्रमेच्या तिन्ही मोठ्या मोहिमा त्यांना पाहायला मिळाल्या होत्या.

तिसऱ्या नौकेची कहाणी वेगळ्या जातीची आहे. नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत 1968-69 ची ती प्रदक्षिणा केली होती, तिला पन्नास वर्षे होत असल्याने 2018 मध्ये ती पुन्हा घेण्याचे ठरले आणि तिच्या नियमांनुसार 1968 मध्ये उपलब्ध नसलेली आधुनिक साधने वापरायला मनाई होती. उपग्रहांवरून स्थान दाखवणारे यंत्र नाही, सूर्य आणि तारे मोजून जागा काढायची, आणि कागदी नकाशावर रेघ ओढायची, असा तो प्रकार होता. अभिलाष टॉमी यांच्यासाठी अ‍ॅक्वेरियसने ‘सुहेली’च्याच मूळ आराखड्यावर ‘थुरिया’ बांधली आणि ऑगस्ट 2017 मध्ये ती पाण्यात उतरली. मुंबईच्या सुतारांनी सागवानात जे घडवले होते, तेच रूप अर्धशतकाने दिवाडीच्या कारागिरांनी नव्या पद्धतीने पुन्हा घडवले. फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन येथून 1 जुलै 2018 रोजी शर्यत सुरू झाली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला दूर दक्षिण हिंदी महासागरात, थुरिया वादळात उलटली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. नौदलाच्या टेहळणी विमानाने शोध घेतला तेव्हा मोडक्या डोलकाठ्यांसह नौका पाण्यावर तरंगत होती, आणि 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यसंरक्षण जहाजाने टॉमी यांना तिच्यावरून उचलले. थुरिया तेथेच सोडून द्यावी लागली. अपघाताने संपलेला हा प्रवास कारखान्याच्या कीर्तीला उणेपणा आणतो असे समजणे चुकीचे ठरेल, कारण डोलकाठ्या मोडल्यावर कवच टिकले नसते तर जखमी माणूस तीन दिवस जिवंत राहिला नसता. टॉमी पुढे 2022-23 च्या गोल्डन ग्लोबमध्ये दुसऱ्या एका नौकेतून उतरले आणि दुसरे आले.

आलिशान यॉट हा शब्द ज्या बाजारपेठेला लावला जातो, ती बाजारपेठ भारतात आजही फार लहान आहे. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 मध्ये झाली असली, आणि शिडाच्या शर्यतींची परंपरा त्यामुळे जुनी असली, तरी खासगी नौका उभ्या करण्यासाठी लागणारे धक्के मोजकेच आहेत आणि पावसाळ्यात पश्चिम किनारा जलविहाराला जवळपास बंदच असतो. त्यामुळे गोव्यातील नौकाबांधणीला आधार मिळाला तो सरकारी मागणीचा. वास्को येथील गोवा शिपयार्ड या सरकारी उपक्रमाने, ज्याची मुळे पोर्तुगीज काळातील 1957 च्या कारखान्यात आहेत, नौदलासाठी ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही तीन डोलकाठ्यांची शिडाची प्रशिक्षण जहाजे बांधली. तरंगिणीने 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही केली. मोठ्या सरकारी गोदीने मोठी जहाजे आणि दिवाडीच्या लहान कारखान्याने लहान नौका, अशी ही नैसर्गिक विभागणी झाली. तिच्यातून गोवा हे नौदलाच्या महासागरी शिडप्रवासाचे केंद्र बनले आणि त्यासाठीचा स्वतंत्र विभाग आयएनएस मांडवी या तळावर उभा राहिला.

गोव्यातीलच होडी इनोव्हेशन्स या दुसऱ्या कारखान्यात पुढे झालेल्या एका कामाचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील इसवी सनाच्या पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्याच्या प्राचीन पद्धतीने एक शिडाचे जहाज बांधायला तेथे सप्टेंबर 2023 मध्ये सुरुवात झाली. केरळचे बाबू शंकरन हे पारंपरिक कारागीर त्याचे प्रमुख होते. मे 2025 मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतकडे निघून जानेवारी 2026 मध्ये तेथे पोहोचले. अजिंठा नगरच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे, आणि डोंगराच्या पोटातील त्या चित्रात जहाज काढणाऱ्या चित्रकाराला समुद्राची चांगली ओळख असली पाहिजे, हे ते चित्र पाहणाऱ्या कोणालाही पटेल.

अ‍ॅक्वेरियसच्या नौकांकडे पुन्हा वळायचे तर तारिणीचे काम सहा जणींच्या मोहिमेने संपले नव्हते. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोनच अधिकारी तिला घेऊन 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्यातून निघाल्या, आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाऊन या दोंदे यांच्याच बंदरांवर थांबत 29 मे 2025 रोजी परतल्या. वाटेत त्यांनी दक्षिण प्रशांत महासागरातील पॉइंट नेमो पार केला. जमिनीपासून सर्वांत दूर असलेली समुद्रातील ही जागा अशी आहे की तिथून जवळची माणसे अनेकदा अंतराळस्थानकात असतात. पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैलांचा हा प्रवास दोघींनी शिडावर आणि आळीपाळीच्या पहाऱ्यांवर पार पाडला, तेव्हा त्यांच्या नौकेला दिवाडी सोडून आठ वर्षे झाली होती, आणि तिच्या कवचाच्या पट्ट्या व शिशाचा पठाण यांनी पृथ्वीभोवतीची दुसरी फेरी पूर्ण केली होती.